धुऱ्यावरचं एक झाड अन् दहा वर्षांची शिक्षा : वाकवलेली फांदी कोर्टात काय सांगते?

पारशिवनी : पऱ्हाटीची गळफांदी काढणं, तुरीचा शेंडा खुडणं यात तालुक्यातल्या शेतकऱ्याला नवं काही नाही. शेंडा थांबला की बाजूच्या फांद्यांना जोर येतो. हीच युक्ती आता मोबाइलवरच्या व्हिडिओंत गांजाच्या झाडासाठी दाखवली जाते. 'लो स्ट्रेस ट्रेनिंग' हे तिचं नाव. फांदी न मोडता वाकवायची, दोरीनं बांधायची. झाड बुटकं अन् पसरट राहतं, खालच्या फांद्यांनाही ऊन मिळतं. फुलोऱ्यात हे करावं की नाही, यावर तिकडे मोठी चर्चा असते. पण वावरात हे झाड लावणाऱ्याला फुलोरा म्हणजे नेमकं काय, हे आधी कायद्याच्या पुस्तकातून समजून घ्यावं लागेल.

फुलावर अडलेला कायदा

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील, तर नुसती पानं अन् बिया त्यात येत नाहीत. म्हणूनच २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात, जप्त मालात फुलोरा असल्याचं स्पष्ट नाही, हे पाहून आरोपीला जामीन दिला होता.

यावरून काही जण सोयीचा अर्थ काढतात. 'पानंच तर आहेत, काय होते?' इथंच गफलत होते. बाळगणं अन् लागवड करणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत. लागवडीला कलम २० प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् एक लाखापर्यंत दंड आहे. तिथं फुलोरा आला की नाही, हा प्रश्नच नाही. एक किलोपर्यंत अल्प अन् वीस किलोच्या वर व्यावसायिक, हे गांजा बाळगण्याचं मोजमाप लागवडीला लागू होत नाही. एक झाड असलं तरी ती लागवडच.

बांधलेली दोरी हाच पुरावा

धुऱ्यावर आपोआप उगवलेलं झाड अन् दोरीनं बांधलेलं झाड यात मोठा फरक आहे. पहिल्याबाबत 'मले माहीत नव्हतं' असं म्हणता येतं. दुसऱ्याबाबत ती वाट जवळपास बंद होते. खुंटी, दोरी अन् वाकवलेली फांदी कोणीतरी रोज येऊन निगा राखत होता, हेच सांगतात. त्यात कलम ५४ प्रमाणे, कसत असलेल्या जमिनीत हे झाड सापडलं तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा कसणाऱ्याचाच गृहीत धरला जातो.

ठेक्यानं वावर देणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या

तालुक्यात बरीच शेती ठेक्यानं किंवा बटईनं दिली जाते. मालक नागपुरात अन् वावर इकडे, असंही चित्र आहे. कलम ४६ सांगतं की आपल्या जमिनीत अशी लागवड असल्यास जमीनधारकानं ताबडतोब पोलिसांना कळवावं. जाणूनबुजून गप्प बसणं हाही गुन्हा. कलम ४७ मध्ये तर सरपंच अन् पंचांवरही कळवण्याची जबाबदारी आहे. म्हणजे 'आपल्याला काय करायचं' हे उत्तर गावातल्या कारभाऱ्यांनाही चालत नाही.

परवाना कुठं आहे?

उत्तराखंडनं २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला. त्यात नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असावा लागतो. हिमाचल प्रदेशनं जानेवारी २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. तिकडचा व्हिडिओ पाहून इकडे बी टाकणाऱ्याला त्या परवान्याचा काडीचाही आधार नाही.

तपासयंत्रणेसाठीही यात धडा आहे. मुळासकट उपटलेली झाडं मातीसह तोलून किलो वाढवले, तर कोर्टात केस ढिली पडते. शेंडे वेगळे मोजून पंचनामा नीट झाला, तर खरा लावणारा सुटत नाही अन् नाहक अडकलेलाही बाहेर येऊ शकतो.

कापसाच्या भावानं घायकुतीला आलेल्या घरातल्या पोराला चार झाडांचा मोह पडू शकतो. पण त्या झाडांपायी अडकते ते घरातलं माणूस, अन् जामिनासाठी विकावं लागते ते वावर. धुऱ्यावर असं झाड दिसलंच, तर ते उपटून गपचूप फेकू नये. आधी पोलिस ठाण्यात कळवावं. जमीनमालकासाठी तोच सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे.