गप्पा बंद झाल्या की दवाखान्यात या

"डॉक्टर, आमचे अण्णा हल्ली एकदम शांत झालेत. त्रास काही नाही हो. वय झालं, दुसरं काय!"

पौड-पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंतच्या गावांतून येणारे मुलगे आणि सुना हे वाक्य सगळ्यात शेवटी सांगतात. शुगरचा रिपोर्ट दाखवून होतो, बीपीची गोळी बदलायची का ते विचारून होतं, आणि निघता निघता दारात उभं राहून हे सांगितलं जातं. बहुतेकांना ती तक्रार वाटतच नाही. तक्रार असते ती बोलणाऱ्या माणसाबद्दल. "दिवसभर पारावर बसून राजकारण करतात", "मॅच असली की घर डोक्यावर घेतात", "या वयात यांना काश्मीरला जायचंय", "शाळेतल्या कुणाची तरी आठवण काढून हसत बसतात".

माझं मत नेमकं उलटं आहे. निवडणूक, क्रिकेट, फिरायची हौस आणि जुनं एकतर्फी प्रेम या चार विषयांवर तावातावाने बोलणारा माणूस मला बराचसा ठणठणीत वाटतो. त्याचं बोलणं थांबलं, तर मात्र तपासायला हवं. असं का म्हणतो, ते आज सांगतो.

मन भटकतं म्हणजे बिघडतं का?

नाही. २०१० साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी मोबाइलच्या मदतीने २,२५० लोकांना दिवसात अधूनमधून विचारलं, "आत्ता काय करताय आणि मनात काय चाललंय?" जवळपास ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतं. म्हणजे भाकरी थापताना किंवा गाडी चालवताना मन दुसरीकडे जाणं ही सगळ्यांचीच गोष्ट आहे. मन भटकत असताना माणसं एकूण कमी आनंदी असतात, असंही त्यात दिसलं. पण मन सुखाच्या विषयाकडे गेलं असेल, तर आनंद कमी होत नव्हता. त्रास होता तो नको त्या विचारांत अडकण्याचा.

तेव्हा प्रश्न मन कुठे जातं आणि तिथून परत येतं का, एवढाच आहे. आता एकेक विषय घेऊ.

राजकारण

राजकारण मुळशीला नवं नाही. १९२१ साली टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. अलीकडे, २०२४ च्या लोकसभेला, बारामती मतदारसंघात सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद आणि भावजय, समोरासमोर उभ्या होत्या. भोर विधानसभेमुळे मुळशी तालुका याच मतदारसंघात येतो. त्या उन्हाळ्यात इथल्या कितीतरी घरांत एकाच ताटावर दोन पक्ष जेवत होते.

वाद घालणं चांगलं आहे. नावं आठवतात, मुद्दे जुळवावे लागतात, समोरच्याचं ऐकावं लागतं. मेंदूला तो व्यायामच आहे. पण रागाचा मोठा झटका आल्यानंतरच्या साधारण दोन तासांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. निरोगी माणसाला हा धोका तसा छोटाच असतो. ज्याला आधीच हृदयविकार आहे, बीपी ताब्यात नाही आणि जो रोज रात्री टीव्हीवरच्या वादावर ओरडतो, त्याने मात्र जपावं. झोपण्याआधी एक तास बातम्या बंद ठेवा. आणि सख्ख्या भावाशी अबोला धरण्याइतका मोठा कुठलाच पक्ष नसतो, हे डॉक्टर म्हणून सांगतो. तुम्हाला रात्री अपरात्री दवाखान्यात आणणार तो भाऊच.

क्रिकेट

२९ जून २०२४ ची रात्र आठवा. टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला आणि आपण ७ धावांनी जिंकलो. त्या रात्री किती जणांनी आपली रात्रीची गोळी वेळेवर घेतली असेल?

क्रिकेटवरचा नाही, पण फुटबॉलवरचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी नेहमीपेक्षा २.६६ पट झाल्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांत त्या चौपट झाल्या. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत त्यांचं प्रमाण सर्वाधिक होतं. ताणामुळे ॲड्रेनालिन वाढतं, नाडी आणि रक्तदाब चढतो. त्यात खारट फरसाण, दारू, तंबाखू आणि जागरण यांची भर.

मॅच जरूर बघा. फक्त एवढं पाळा:

- गोळ्या टॉसच्या आधी घ्या.
- छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, दरदरून घाम यातलं काही झालं, तर "ही ओव्हर होऊ दे" म्हणू नका. मधुमेहींना आणि बायकांना कधी कधी नुसती पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते आणि ती "ॲसिडिटी" म्हणून सोडून दिली जाते.
- १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. घाटाकडच्या गावांतून पुण्याला पोचायला वेळ लागतो, त्यात रविवारी पर्यटकांची गर्दी असते. म्हणून तुमच्या गावापासून सगळ्यात जवळ ईसीजी कुठे निघतो, हे आजच माहीत करून ठेवा.

फिरायची हौस

अख्खं पुणे पावसाळ्यात ताम्हिणीला येतं आणि मुळशीतला माणूस म्हणतो, "एकदा कुठेतरी फिरायला जायचंय." हसू नका. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की सहलीला जाणारे लोक जाण्याआधीच्या दिवसांत इतरांपेक्षा जास्त आनंदी असतात. परत आल्यावर बहुतेकांत तो फरक उरत नाही. म्हणजे बेत आखण्यातच बरंचसं सुख असतं. "जाणार कुठेच नाहीत, नुसते बेत करतात" अशी बायको नवऱ्याची थट्टा करते, पण ते बेतसुद्धा औषधासारखे आहेत.

मला जास्त वाईट वाटतं ते पन्नाशी-साठीच्या बायकांचं. माहेर, लग्नकार्य आणि दवाखाना सोडून त्या कुठे गेलेल्याच नसतात. "तुम्हाला कुठे जायला आवडेल?" असं विचारलं की त्या आधी सुनेकडे बघतात. त्यांना सांगतो: २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. काश्मीर राहू दे, मैत्रिणीला घेऊन एक दिवस आळंदी नाहीतर कोकणातलं एखादं गाव करून या. गोळ्या पर्समध्ये, सोबत पाणी, घाटात मळमळत असेल तर पुढची सीट आणि पोट फार भरलेलं नको. मधुमेह असेल तर जवळ खायला काहीतरी हवंच.

आणि तो जुना "क्रश"

हा विषय लोक दार लोटून घेऊन काढतात. "डॉक्टर, पासष्ट वय झालं, नातवंडं आहेत, तरी शाळेतली ती आठवते. माझं काही चुकतंय का?"

काही चुकत नाही. उतारवयात माणसाला आयुष्यातल्या साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात, हे स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. पहिली नोकरी, पहिला सिनेमा, पहिलं प्रेम याच काळातलं. शिवाय जे अर्धवट राहिलं, ते मनात रेंगाळतं. ज्या मुलीशी दहा वर्षांत तीन वाक्यं बोललात, तिच्याशी भाजीवरून कधी भांडण झालेलं नसतं. म्हणून ती आठवणीत तशीच राहते.

१६८८ साली योहानेस होफर नावाच्या डॉक्टरने घरच्या आठवणीने व्याकूळ होणं हा आजार ठरवून त्याला नाव दिलं होतं. आज आपण त्याला आजार मानत नाही. आठवणीने थोडं हसू आलं, जीव हलका झाला, तर ते चांगलंच. पण दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून रात्री एक वाजता तिचे फोटो शोधणं, झोप जाणं, नवऱ्याशी किंवा बायकोशी रोज मनात तुलना करणं सुरू झालं, तर थांबून विचार करा. मग प्रश्न बहुधा त्या जुन्या माणसाचा नसतो. आज घरात आपलं कुणी ऐकत नाही, हा असतो.

आता मूळ मुद्दा: माणूस गप्प का होतो?

मॅच लावली तरी बघत नाही, निवडणूक आली तरी विचारत नाही, पारावर जाणं सोडलं. याला आपण "वय झालं" म्हणतो. पण नुसत्या वयाने माणसाचा रस संपत नाही. कारण शोधलं तर बरेचदा सापडतं, आणि त्यातली काही कारणं सहज बरी होणारी असतात.

- कान. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण. चार जणांत काय चाललंय ते ऐकू येत नाही, पुन्हा पुन्हा "काय?" विचारायची लाज वाटते, म्हणून माणूस उठून जातो. कधी नुसता मळ असतो, कधी श्रवणयंत्र लागतं. ऐकू कमी येणं आणि स्मृतिभ्रंश यांचाही संबंध आहे, म्हणून हे लवकर तपासा.
- नैराश्य. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे. दोन आठवडे जवळजवळ रोज असं होत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. म्हातारी माणसं "मन लागत नाही" असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, "अंग दुखतं, भूक नाही, पहाटे तीनलाच जाग येते."
- थायरॉइड, बी-१२, रक्त कमी असणं. साध्या रक्ततपासणीत कळतं आणि उपचार आहेत.
- पार्किन्सन. आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, चाल मंदावते. घरच्यांना वाटतं, रुसलेत.
- स्मृतिभ्रंश. शब्द सापडत नाहीत, नावं चुकतात, म्हणून माणूस बोलणंच टाळतो.
- औषधं. झोपेच्या आणि काही इतर गोळ्यांनी सुस्ती येते. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या.

एक वेगळी गोष्ट: बोलणं अचानक, काही मिनिटांत बंद झालं, जीभ अडखळू लागली, तोंड वाकडं झालं किंवा एक हात उचलेना, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर.

याशिवाय एक कारण रिपोर्टमध्ये दिसत नाही. आपल्या तालुक्यात ते फार आहे. जमीन विकली, शेताचं काम संपलं. मुलगा हिंजवडीत शिफ्टला, नातू मोबाइलवर. पारावरचे चार मित्र होते, त्यातले दोन गेले. बँकेत पैसे आहेत, पण सकाळी उठून करायचं काय, हे माहीत नाही. असा माणूस राजकारणावर कुणाशी बोलणार? याला औषध माझ्याकडे कमी आहे, तुमच्याकडे जास्त.

घरच्यांनी काय करायचं

"बरं वाटतंय ना?" असं विचारू नका, "हो" एवढंच उत्तर येतं. "काल कोण जिंकलं?", "यंदा सरपंच कोण होईल?", "तुमच्या वेळी पुण्याला कसे जायचात?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आठवड्यातून एकदा त्यांच्या मित्राकडे सोडून या. मतं पटली नाहीत तरी चालेल, पण ऐका.

"आता जगून काय करायचंय" असं कुणी म्हणालं, तर ते नेहमीचं बोलणं समजून सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. अशा वेळी त्याला एकटं ठेवू नका, कीटकनाशकाचे डबे हाताशी राहू देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि ज्यांचे आजोबा अजून टीव्हीसमोर बसून कर्णधाराला शिव्या घालतात, त्यांनी आवाज थोडा कमी करायला सांगा, रात्रीची गोळी हातात द्या आणि दहा मिनिटं शेजारी बसा. पुढच्या तपासणीला त्यांना घेऊन याल, तेव्हा शुगर-बीपीच्या आधी मी त्यांना मॅचबद्दलच विचारणार आहे.