कूस बदलण्याचा हक्क

कंपवाताच्या रुग्णाचे दिवसाचे हाल दिसतात. रात्रीचे दिसत नाहीत. औषधाचा अंमल ओसरला की अंग ताठरते, कूस बदलणेही परस्वाधीन होते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील झोळ पडलेली बाज अशा देहाला कैदच ठरते. त्याला हवी गुडघ्याइतकी उंच, सपाट, टणक खाट आणि धरायला कठडा. ही काय चैन झाली?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचा समावेश आहे. उत्पन्नमर्यादेत साहाय्यक साधने मोफत देण्याची तरतूदही आहे. मग खाट हे साधन का नव्हे?

१९४५ साली इथल्या वारल्यांनी वेठबिगार झुगारली, ती कोणी दया केली म्हणून नव्हे. खाटेची मागणीही त्याच हक्काने तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांपुढे मांडली पाहिजे.