मेंदूची गाठ, सोनोग्राफीची नळी आणि आपले मथळे

'मेंदूतली कॅन्सरची गाठ आता सोनोग्राफीने वितळणार, ऑपरेशनची गरज नाही!' असे मेसेज अधूनमधून आपल्या ग्रुपवर फिरतात. लोक हात जोडून पुढे पाठवतात. ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याच्यावर त्या एका ओळीचा काय परिणाम होतो, याचा विचार मात्र कुणी करत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

कल्पना खोटी नाही, चांगली आहे. कवटीचं हाड ध्वनिलहरी शोषून घेतं, त्यांची दिशा बिघडवतं. तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, म्हणून त्याच्या मेंदूची सोनोग्राफी होते. मोठ्या माणसाची तशी नीट होत नाही. मग अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी विचार केला, की बाहेरून जमत नाही तर यंत्रच आत नेऊ. साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या नळीत त्यांनी दोन्ही कामं बसवली: गाठीचं चित्र दाखवायचं आणि त्याच लहरींनी ती तापवायची.

आता पुढचं नीट वाचा. २००९ साली त्यांनी जो प्रयोग छापला, त्यात तापवलं होतं डुकराचं मांस. तापमान वाढलं ४ अंशांच्या थोडं वर. एवढ्याने गाठ जळत नाही, वितळत तर नाहीच. पेशी थोड्या कमजोर होतात, रेडिएशनचा परिणाम वाढू शकतो. शिवाय उष्णतेने फुटणाऱ्या चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं केमोचं औषध नेमकं तिथेच सोडता येईल, अशी आशा. म्हणजे हा जोडीचा उपाय, एकट्याने गाठ मारणारा नव्हे.

त्या आशेचं काय होतं तेही बघा. अशाच पिशव्यांतलं एक औषध, थर्मोडॉक्स, लिव्हरच्या कॅन्सरसाठी सुमारे ७०० पेशंटवर तपासलं गेलं. प्रयोगशाळेत छान चाललं होतं. २०१३ मध्ये निकाल आला: नुसती गाठ जाळून जेवढा फायदा झाला, त्यापेक्षा जास्त काही नाही. संशोधक खोटं बोलत नव्हते. प्रयोगशाळेपासून पेशंटच्या खाटेपर्यंतचा रस्ताच असा आहे.

सगळंच फसतं असंही नाही. हात थरथरण्याच्या एका आजारावर कवटीबाहेरून ध्वनिलहरी देऊन मेंदूतला छोटा भाग जाळायच्या उपचाराला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण तो आजार वेगळा. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूची सगळ्यात वाईट गाठ, हे वेगळंच प्रकरण. २००५ च्या मोठ्या अभ्यासात रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्यावर पेशंटचं मध्यम आयुष्य १२ महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांवर गेलं. दोन वर्षं जगणारे १०० पैकी १० होते, ते २६ झाले. एवढीशी वाढ मिळवायलाही कष्ट पडले, आणि आज हाताशी असलेला उपचार हाच आहे: ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या.

ज्या घराकडे मोजून महिने आहेत, ते घर आपल्या मथळ्यावर विश्वासून ऑपरेशन पुढे ढकलतं, कुणीतरी 'तिकडे नवीन मशीन आलंय' म्हणतं आणि जमीन विकायची भाषा सुरू होते. याची जबाबदारी मेसेज पाठवणाऱ्याची आहेच. पण आधी आम्हा बातमी लिहिणाऱ्यांची आहे. 'शास्त्रज्ञांना यश' लिहिणं सोपं असतं. 'डुकराच्या मांसावर यश' लिहिलं तर कुणी वाचत नाही, म्हणून ते खालच्या ओळीत जातं किंवा गाळलंच जातं.

माझं म्हणणं साधं आहे. उपचाराच्या प्रत्येक बातमीत पहिल्या दोन ओळींत हे यायलाच हवं: प्रयोग कशावर झाला, माणसांवर झाला असेल तर किती, आणि उपचार आज कुठे मिळतो का. हे नसेल तर बातमी अर्धवट समजा आणि पुढे पाठवू नका.

आणि घरात पेशंट असेल तर मेसेज डॉक्टरांना जरूर दाखवा, खुशाल विचारा. पण त्यांनी दिलेली ऑपरेशनची किंवा रेडिएशनची तारीख चुकवू नका.