‘मी येणार नाही’ म्हणणारा मित्र

गेल्या महिन्यात माझे एक जुने रुग्ण रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले, तेव्हा त्यांच्या हातात एक वही होती. वय ७३, बँकेतून निवृत्त. १९७४ साली ज्यांच्यासमवेत पदवी घेतली, त्या वर्गमित्रांचा स्नेहमेळावा भरवायचे ठरले आहे आणि सर्वांना फोन करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आहे. वहीत ३८ नावे होती. काहींपुढे ‘येणार’, काहींपुढे ‘कळवतो’, तर ६ नावांभोवती पेन्सिलीने आखलेली चौकट. त्या चौकटींचा अर्थ मी विचारला नाही. त्यांनीच सांगितले, “ही शेवटची चौकट नवी आहे. ‘पुढच्या रविवारी निवांत बोलू’ असे म्हणून मी फोन ठेवला होता. पुढच्या रविवारी तो त्याच्या मुलाने उचलला.”

त्या दिवशीची त्यांची चिंता मात्र निराळी होती. कॉलेजात एकांकिका गाजवणारा त्यांचा एक मित्र ‘मला आता गर्दी सोसत नाही, मी येणार नाही’ असे म्हणत होता. “डॉक्टर, रुसला असेल का हो?”

“फोनवर बोलतात कसे?” मी विचारले.

“मोठ्याने. आपण विचारावे एक, तो सांगतो दुसरेच. दोन मिनिटांत फोन सुनेच्या हाती देतो.”

मला रुसव्यापेक्षा कानांची शंका आली. सुनेशी बोलून मित्राला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेण्यात आले. एका कानात मळ घट्ट बसला होता, तो काढला. श्रवणचाचणीत वयोमानामुळे दोन्ही कानांची शक्ती घटल्याचे आढळले. आता श्रवणयंत्राची सवय होत आहे. मेळाव्याला ते येतील की नाही, हे अद्याप ठरलेले नाही. पण परवाचे संभाषण वीस मिनिटे चालले.

वाचकहो, अशा यादीत ‘येणार’ म्हणणाऱ्यांची काळजी फारशी करावी लागत नाही. ‘येणार नाही’ म्हणणाऱ्याला मात्र पुन्हा एकदा, आणि एकट्याने फोन करावा. सत्तरीनंतरच्या नकारामागे पुष्कळदा एखादे न सांगितलेले दुखणे असते. ऐकू येत नाही, म्हणून घोळक्यात बसणे नकोसे होते. लघवी फार वेळ धरवत नाही, म्हणून प्रवासाची धास्ती वाटते. गुडघे दुखतात, तोल जातो, जिने चढवत नाहीत. कोणाला नावे आठवत नाहीत आणि चारचौघांत फजिती होईल, अशी भीती असते. कोणी जोडीदार गमावल्यानंतर मनाने खचलेला असतो. कोणाची खर्चाची अडचण असते. यांतील बहुतेक गोष्टींवर उपचार तरी आहेत, नाहीतर सोय तरी करता येते. फक्त त्या कोणीतरी विचाराव्या लागतात आणि मुलांना जे सांगायला संकोच वाटतो, ते जुन्या मित्राला सहज सांगितले जाते.

या मैत्रीचे मोल वैद्यकानेही ओळखले आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली कॉलेजातील तरुणांच्या आरोग्याचा एक अभ्यास सुरू झाला आणि त्यांचा मागोवा पुढे अनेक दशके घेतला गेला. जिव्हाळ्याचे नातेसंबंध म्हातारपणीच्या आरोग्याशी निकटचे निगडित असतात, हा त्यातून हाती आलेला ठळक निष्कर्ष. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचे कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत श्रवणदोष, नैराश्य आणि समाजापासून तुटलेपण या तिन्हींचा समावेश आहे. फोन केल्याने आजार टळेलच, असे कोणी म्हणणार नाही. पण तो वेळीच लक्षात येण्याची शक्यता निश्चित वाढते.

म्हणून फोनसाठी वार आणि वेळ ठरवावी. समूहावर सुप्रभाताची चित्रे पाठवणे म्हणजे विचारपूस नव्हे. झोप कशी लागते, जेवण जाते का, घराबाहेर पडणे होते का, हे विचारावे. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर मित्राच्या घरच्यांना हळुवारपणे सांगावे. बोलता बोलता अचानक जीभ जड झाली, शब्द अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. घरच्यांना तत्काळ कळवून १०८ वर रुग्णवाहिका बोलवायला सांगावी. ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे शब्द कानी आले, तर उपदेश न करता ऐकून घ्यावे, त्याच दिवशी जवळच्या माणसाला कळवावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो.

मेळाव्याचे ठिकाण निवडताना तळमजला, कमोडची सोय आणि हाताशी खुर्च्या पाहाव्यात. जेवणाची वेळ पाळावी. भाषणे लांबली आणि इन्सुलिन घेतलेला मित्र उपाशी राहिला, तर साखर धोकादायक उतरू शकते. नावाची पट्टी ठळक अक्षरांत असावी आणि तिच्या मागे चालू औषधे व घरचा क्रमांक लिहावा. औषधे सामानात न टाकता जवळच्या पिशवीत ठेवावीत. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर बंद करू नये; तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

निघताना माझ्या रुग्णाने विचारले, “मेळावा झाल्यावर या वहीचे काय करू?” मी म्हटले, “पुढच्या रविवारी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात करा.” आपल्याही घरात अशी एखादी वही असेल. ती आज उघडावी आणि ज्याने नकार दिला आहे, त्याला पहिला फोन करावा.