तास कुणाच्या मोबाइलवर?

मोडनिंबजवळ पुणे-सोलापूर महामार्गावर ढाब्यापुढे उभ्या मालट्रकच्या चालकाला पहाटेच मालकाचा फोन येतो : ‘कुठं आलास?’ रात्री किती तास गाडी चालवली, हे मात्र कोणी विचारत नाही.

2025पर्यंत लागू असलेल्या 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8, आठवड्याला 48 तास ठरवले होते. लांब पल्ल्याला परवानगीने 10 आणि 54 होते. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, जादा कामाला दुप्पट मजुरी होती. पण पगार फेरीवर ठरला की तासांचा हिशेबच मिटतो. गंमत अशी, की नोंद असते! 2021पासून फास्टॅग सक्तीचा आहे. कोणत्या नाक्यावर गाडी किती वाजता गेली, याचा मेसेज जातो, तो मालकाच्या मोबाइलवर. पूर्वी निदान टोलची पावती चालकाच्या खिशात असे.

गाडीच्या तपासणीचेही तेच. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी पासिंग. मधल्या काळात ब्रेकचे लायनर झिजले, तर मालक म्हणतो, ‘एवढी फेरी मारून ये, मग बघू’. ब्रेक लागला नाही, की गुन्हा आधी चालकावर.

जानेवारी 2024मध्ये जीवघेण्या अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध चालकांनी संप केला. आपण पेट्रोलपंपांवरच्या रांगांवर बोललो. चालकांच्या झोपेवर कोणी बोलले नाही.

आमची मागणी साधी आहे : फास्टॅगची नोंद चालकालाही मिळावी, आणि त्याने सांगितलेला बिघाड मालकाने लेखी घ्यावा. छोटे मालक कर्जाच्या हप्त्यांनी पिचलेत, हे मान्य. तो हप्ता चालकाच्या झोपेतून का फेडायचा?