नमाज दवाखान्याची जागा घेत नाही

‘सजदा करणाऱ्याला हार्ट अटॅक येत नाही’, ‘पाच वक्तच्या नमाजीला डिप्रेशन होऊच शकत नाही’ असे मेसेज दर जुम्म्याला मोबाईलवर फिरतात. हेतू नेक असतो, पण त्यातून नुकसान होऊ शकते, म्हणून यावर बोलणे आम्हाला गरजेचे वाटते.

नमाजचे फायदे खरेच आहेत. फक्त फर्ज धरले तरी दिवसाला 17 रकअत, म्हणजे 34 सजदे होतात. कयाम, रुकू, सजदा, कायदा यांत गुडघे, कंबर, पाठ, मान यांची हालचाल होते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये सांगितले, की रुकू आणि सजदा योग्य पद्धतीने केल्यास कंबरदुखी कमी व्हायला मदत होऊ शकते. मलाया विद्यापीठाच्या अभ्यासात नमाजच्या वेळी मेंदूतील अल्फा लहरी वाढलेल्या दिसल्या. या लहरी मनाच्या शांत अवस्थेशी जोडल्या जातात. पण हे अभ्यास लहान आहेत. त्यातून ‘रोग बरा होतो’ असा अर्थ काढता येत नाही.

आता दुसरी बाजू बघू. आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पहिल्या सफमधल्या बुजुर्गांना विचारा, शुगर-बीपीची गोळी किती जणांना चालू आहे! जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. नमाजची हालचाल हलकी असते, त्यामुळे पायी चालणे सुटत नाही.

मनाच्या आजाराचे तर जास्तच अवघड आहे. खचलेल्या मुलाला किंवा सुनेला ‘तुझी नमाज कमी पडते, ईमान कमजोर आहे’ असे ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. नमाजने दिलासा मिळतो, सफमध्ये उभे राहिल्याने एकटेपणही कमी होते. तरीही डिप्रेशन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

मूळव्याधीने त्रस्त हजरत इम्रान बिन हुसैन (र.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उभे राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करायला सांगितले. म्हणजे नमाजीही आजारी पडतो, हे दीनने आधीच मान्य केले आहे. प्रेषितांनी (स.) उपचार घेण्याचीही शिकवण दिली आहे.

नमाज ही इबादत आहे. तब्येतीला होणारा फायदा ही वरची बरकत. जवळच्या मशिदीला गाडीऐवजी पायी जाऊ या. जुम्म्यानंतर मशिदीच्या आवारात बीपी-शुगर तपासणी ठेवू या. मन खचले असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर मोफत आहे, तो नंबर नोटीस बोर्डावर लावू या. आणि पुढच्या वेळी तसा मेसेज आला, तर त्याऐवजी हा नंबर फॉरवर्ड करू या.