तुम्ही चिखलदऱ्याला, मासा टिनाखाली

मे महिन्यात वरूडला पारा ४४-४५ला टेकला की ज्यांना परवडतं ते चिखलदऱ्याची वाट धरतात. दारं-खिडक्या लावतात, कूलर बंद करतात, मेन स्विच पाडतात आणि कुलूप घालतात. आत टिनाखालच्या खोलीत काचेच्या भांड्यात गोल्डफिश असतो. परत आल्यावर तो पोट वर करून तरंगताना दिसतो आणि घरमालक म्हणतो, "उन्हाळा लागला बिचाऱ्याले." हे खोटं आहे. त्याला तुम्ही मारलं.

"भाऊ, मासा तर पाण्यातच हाये, त्याले कायचं ऊन?" हे मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा, चीनमधल्या कार्पपासून पैदास केलेला. त्याला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं. बंद खोलीतलं भांडंभर पाणी दुपारपर्यंत खोलीइतकंच तापतं. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी माशाच्या अंगातला सगळा व्यवहार उष्णतेने वेगात चालतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. भरीस भर म्हणजे माशाच्या अंगातून सुटणाऱ्या अमोनियाचा विषारी वाटा २० वरून ३० अंशांना गेल्यावर जवळजवळ दुप्पट होतो. मेन स्विच पाडल्यामुळे हवेचा पंपही बंद आणि फिल्टरही. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू हवेविना मरतात. मासा तासन् तास पृष्ठभागाशी तोंड वासत राहतो, तेव्हा तुम्ही चिखलदऱ्याच्या भीमकुंडावर फोटो काढत असता.

वरूड हे संत्र्याचं गाव आहे. पाणी खोल गेलं तर बाग वाचवायला इथला शेतकरी टँकर विकत घेतो. बहरासाठी झाडाला पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा आणि कधी तोडायचा, हे इथल्या पोरांनाही कळतं. त्या गावात एका जिवंत प्राण्याला बेहिशेबी ताण दिला जातो, याची मला चीड येते.

दुकानदारांवर माझा राग त्याहून जास्त आहे. गोल्डफिशसोबत गोल भांडं विकतात. त्यात पाणी थोडं, हवेला तोंड लहान, फिल्टरला जागा नाही. काही जण थंड पाण्याच्या या माशासोबत हीटरही गळ्यात मारतात. सुट्टीसाठी खाद्याची वडी देतात, जी तापल्या पाण्यात विरघळून ते नासवते. धडधाकट मोठा गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहू शकतो. तो भुकेने मरत नाही, सडक्या खाद्याने मरतो.

उपाय महाग नाहीत. भांडं फेका, मोठी टाकी घ्या. ती तळमजल्यावर, भिंतीच्या आडोशाला ठेवा. झाकण काढून जाळी टाका आणि पाण्यावरून छोटा पंखा सोडा. वऱ्हाडाची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून कूलर चालतो तसा हा पंखाही चालतो. पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. पाणी आटेल, त्यासाठी घरात रांजण भरून ठेवा. मागे मासा बघणाऱ्या शेजाऱ्याला बजावून सांगा की गच्चीवरच्या टाकीचं पाणी ओतायचं नाही, ते दुपारी अंग भाजणारं असतं. बर्फाचे खडेही टाकायचे नाहीत, एकदम गार झालेलं पाणीही माशाला सोसत नाही. खाद्य डब्यासकट देऊ नका, एकेका दिवसाच्या पुड्या बांधा. नाहीतर शेजारचं पोर मायेने मूठभर टाकतं. लाइट जाणारच, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावा. निघण्याच्या दोन दिवस आधी चौथा हिस्सा पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतल्याच पाण्यात खळबळा. आणि नको झाला म्हणून मासा विहिरीत किंवा नदीत सोडू नका. परका मासा तिथल्या माशांना रोग देऊ शकतो.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे. माशाला त्यातून वगळलेलं नाही.

म्हणून गाडीत बसण्याआधी किल्ली आणि पुड्या शेजारी द्या. तेवढा विश्वासाचा माणूस नसेल तर मासे थंड खोली असलेल्या नातलगाकडे पोचवा. तेही जमत नसेल तर गोल्डफिश विकत घेऊ नका.